लिनक्स ॲडमिनच्या मुलाखतीत नेमकं काय तपासतात?

लिनक्स ॲडमिनच्या, म्हणजे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारे सर्व्हर सांभाळणाऱ्याच्या, नोकरीसाठी बोलावणं आलं की आमच्या इंदूरची मुलं सगळ्यात आधी 'टॉप १०० प्रश्नोत्तरं' अशी एखादी पीडीएफ शोधतात. भंवरकुआंच्या क्लासेसमध्ये कुणाचा दादा, कुणाची ताई वर्षानुवर्षं स्पर्धा परीक्षांचं पाठांतर करत बसलेली या मुलांनी पाहिलेली असते. परीक्षा म्हणजे घोकंपट्टी हे डोक्यात पक्कं बसलेलं असतं. मग पोर्ट (मशीनवरच्या एकेका सेवेच्या दाराचा नंबर) २२ कशाचा, ५३ कशाचा, रनलेव्हल (मशीन चालण्याच्या अवस्था) किती, हे सगळं तोंडपाठ करून मुलं जातात आणि तिसऱ्याच प्रश्नाला अडतात. कारण समोरचा विचारतो, "सर्व्हर स्लो झालाय अशी तक्रार आली. सुरुवात कुठून कराल?" आणि गप्प बसतो.

मी या कामात बरीच वर्षं आहे, कंपनीसाठी मुलाखतीही घेते. लोकमान्य नगरात आमच्या घरी रविवारी ओळखीतली मुलं-मुली सरावाला येतात. त्यांना सांगते तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

पहिली गोष्ट म्हणजे, समोरच्याला तुमची स्मरणशक्ती मोजायची नसते. कमांडचा एखादा पर्याय विसरलात तर मॅन पेज (मशीनमध्येच असलेली कमांडची माहिती) आहे, इंटरनेट आहे. त्याच्या मनात एकच काळजी असते: रात्री दोन वाजता मशीन बंद पडलं आणि शिफ्टवर हा मुलगा एकटाच असला, तर हा नीट शोधत जाईल की हाताला येईल ती कमांड मारत सुटेल? सगळे प्रश्न फिरून फिरून तिथेच येतात.

काम काय असतं ते थोडक्यात. लिनस टॉरवाल्ड्सने १९९१ साली फिनलंडमध्ये विद्यार्थी असताना लिनक्सचा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, लिहायला घेतला. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच कर्नल आहे, आणि जगातल्या सर्वांत ताकदवान ५०० सुपरकॉम्प्युटरच्या यादीतलं एकूण एक मशीन नोव्हेंबर २०१७ पासून लिनक्सवरच चालतं. बँकेचं ॲप, रेल्वेचं तिकीट, दुकानाची वेबसाइट, यांच्यामागे कुठे ना कुठे लिनक्सचा सर्व्हर असतो. तो चालू ठेवणं, त्यावर कुणाला किती अधिकार ते ठरवणं, अपडेट लावणं, बॅकअप घेणं आणि बिघडलं की दुरुस्त करणं हे ॲडमिनचं काम. सुपर कॉरिडॉरवर टीसीएस आणि इन्फोसिस आहेत, क्रिस्टल आयटी पार्क आहे, विजय नगरच्या आसपास छोट्या कंपन्या आहेत. जाहिरातीत पदाचं नाव कुठे लिनक्स इंजिनिअर असतं, कुठे क्लाउड सपोर्ट, कुठे डेव्हऑप्स. नावावर जाऊ नका, पाया तोच असतो.

मुलाखतीचे टप्पेही साधारण ठरलेले: फोनवर दहा-पंधरा मिनिटं चाचपणी, मग एक किंवा दोन तांत्रिक फेऱ्या, काही ठिकाणी प्रत्यक्ष मशीन देऊन "हे बिघडलंय, दुरुस्त करा", आणि शेवटी एचआर. खरा निकाल तांत्रिक फेरीत लागतो, म्हणून तिथेच थांबू.

माझा आवडता प्रश्न डिस्क भरल्याचा. दिसायला अगदी साधा, पण माणूस कसा विचार करतो हे त्यात लख्ख दिसतं. मागे एका मुलीबरोबर सराव करताना झालेलं बोलणं जवळपास जसंच्या तसं देते.

"सर्व्हरवर काहीच लिहिता येत नाहीये. 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस' असा एरर येतोय. काय करशील?"

"काकू, आधी डीएफ -एच चालवून डिस्क किती भरलीय ते बघेन."

"बघ. डिस्कचं मुख्य, म्हणजे रूट पार्टिशन ४० जीबीचं आहे, १०० टक्के भरलंय."

"मग डीयू चालवून कुठल्या फोल्डरने जागा खाल्ली ते बघेन."

"डीयू म्हणतंय, सगळं मिळून १२ जीबी."

ती थांबली. मग स्वतःशीच पुटपुटली, "म्हणजे २८ जीबीचा हिशेब लागत नाहीये." आणि मला विचारलं, "माझ्या आधी कुणी काही डिलीट केलं होतं का?"

हा प्रश्न तिने विचारला तिथेच मी मनातल्या मनात तिला पास करून टाकलं. पुढचं उत्तर तिला पूर्ण आलं नाही, पण दोन आकडे जुळत नाहीत हे तिने पकडलं आणि आधी काय घडलं ते विचारलं. ॲडमिनचं अर्धं काम तिथेच होतं.

आता उत्तर. लिनक्समध्ये फाईलचं नाव वेगळं आणि फाईल वेगळी. फाईलची खरी नोंद, म्हणजे तिचा मालक, परवानग्या, डेटा डिस्कवर कुठे आहे, हे सगळं आयनोडमध्ये असतं. नाव म्हणजे त्या आयनोडकडे बोट दाखवणारी फोल्डरमधली एक ओळ. 'आरएम' कमांड ती ओळ पुसते. दारावरची पाटी काढली म्हणून आतला भाडेकरू निघून जात नाही, तसंच इथे होतं: एखाद्या प्रोसेसने (म्हणजे चालू प्रोग्रामने) ती फाईल उघडून ठेवली असेल, तर नाव गेलं तरी डेटा डिस्कवर तसाच राहतो. शेवटचं नाव पुसलं गेलं आणि शेवटच्या प्रोसेसने फाईल सोडली, की मगच जागा मोकळी होते. 'डीयू' फोल्डर चालत जाऊन नावं मोजतं, त्यामुळे त्याला ती फाईल दिसत नाही. 'डीएफ' थेट फाईलसिस्टीमला (डिस्कवरच्या फाईलींचा हिशेब ठेवणाऱ्या व्यवस्थेला) विचारतं, त्यामुळे त्याला दिसते. हा झाला २८ जीबीचा हिशेब. बहुतेक वेळा कुणीतरी चालू सर्व्हिसची (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामची) फुगलेली लॉग फाईल, म्हणजे घडामोडींची नोंदवही, घाईत उडवलेली असते.

सापडवायचं कसं? 'एलएसओएफ' कमांडला अधिक-एल-१ हा पर्याय दिला, की नाव गेलेल्या पण अजून उघड्या असलेल्या फाईल दिसतात, आणि कुठल्या प्रोसेसने धरून ठेवल्यात तेही. मग ती सर्व्हिस रीस्टार्ट करा किंवा तिला लॉग फाईल नव्याने उघडायला लावा. रीस्टार्ट करायची सोय नसेल, तर चालू प्रोसेसची माहिती दाखवणाऱ्या '/प्रॉक'मध्ये त्या प्रोसेसच्या उघड्या फाईलपर्यंत जाऊन ती रिकामी करता येते. आणि मुळात लॉग फाईल उडवायचीच नाही, आतून रिकामी करायची. रोजची व्यवस्था लॉगरोटेटकडे (जुने लॉग आपोआप बाजूला करणाऱ्या साधनाकडे) सोपवायची. हे शेवटचं वाक्य उमेदवाराच्या तोंडून आपणहून आलं की मला फार बरं वाटतं, कारण त्याला आजच्या बिघाडाबरोबर उद्याचाही बिघाड दिसतोय.

याच प्रश्नाला आणखी दोन फाटे फुटतात. कधी 'डीएफ -एच' म्हणतं निम्मी डिस्क रिकामी आहे, तरी एरर तोच. मग 'डीएफ -आय' बघायचं: जागा शिल्लक आहे, पण आयनोड संपलेत. एक्स्ट४ फाईलसिस्टीम तयार होतानाच आयनोडची संख्या ठरते, आणि एखाद्या बेशिस्त ॲपने सेशनच्या लाखो चिमुकल्या फाईल करून ठेवल्या की ती संपते. दुसरा फाटा मुलं सहसा विसरतात. एक्स्ट४वर साधारण ५ टक्के जागा रूटसाठी (सगळे अधिकार असलेल्या युजरसाठी) राखून ठेवलेली असते. त्यामुळे साध्या युजरला डिस्क भरलेली दिसते, आणि रूट मात्र लिहू शकतो. याशिवाय, एखाद्या फोल्डरवर दुसरी डिस्क माउंट केली (जोडली) की त्या फोल्डरात आधीपासून असलेल्या फाईल झाकल्या जातात. त्या जागा खातात, पण 'डीयू'ला दिसत नाहीत. इतकं सगळं कुणाकडूनही एका दमात अपेक्षित नसतं. पण एका साध्या एररमागे किती कारणं असू शकतात, हे एकदा हाताने करून पाहिलेलं असलं की बोलण्यात ठामपणा येतो.

दुसरा हमखास प्रश्न: "वेबसाइट उघडत नाहीये." इथे बहुतेक जण लगेच म्हणतात, "सर्व्हिस रीस्टार्ट करेन." कृपा करून हे पहिलं वाक्य करू नका. रीस्टार्टने कधी कधी बिघाड जातो, आणि त्याच्याबरोबर बिघाडाचा पुरावाही जातो. मग तीच गोष्ट तीन दिवसांनी परत होते आणि तुमच्या हातात काहीच नसतं. आधी प्रश्न विचारा. सगळ्यांनाच उघडत नाही की एकालाच? कधीपासून? त्याच्या आधी काय बदललं होतं? उलट प्रश्न विचारले तर समोरच्याला आवडणार नाही अशी भीती आमच्या मुलांना वाटते. तसं नसतं. मुलाखत घेणारा त्याचीच वाट पाहत असतो.

मग टप्प्याटप्प्याने जायचं. वेबसाइटच्या नावावरून आयपी पत्ता (मशीनचा नेटवर्कवरचा नंबर) मिळतोय का? 'डिग' किंवा 'गेटएंट' वापरून बघा, आणि '/एट्सी/होस्ट्स' या मशीनवरच्या नाव-पत्त्यांच्या फाईलमध्ये कुणी जुनी ओळ विसरलंय का तेही. पत्ता मिळाला तर तिथवर पोचता येतंय का? इथे पिंगवर (मशीनला हाक मारून बघणाऱ्या कमांडवर) फार विसंबू नका, बऱ्याच ठिकाणी पिंग मुद्दाम बंद ठेवलेलं असतं. थेट पोर्टला जोडून बघा, वेबसाठी ८० किंवा ४४३.

आणि इथे माझा नेहमीचा उपप्रश्न येतो: 'कनेक्शन रिफ्यूज्ड' आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट' यांत फरक काय? पाठांतर केलेल्याला दोन्ही सारखेच वाटतात, "कनेक्ट होत नाही" एवढंच. पण 'रिफ्यूज्ड' म्हणजे पलीकडून उत्तर आलं. मशीन जिवंत आहे, रस्ता मोकळा आहे, फक्त त्या पोर्टवर कुणी ऐकत नाहीये (किंवा फायरवॉलने, म्हणजे नेटवर्कच्या पहारेकऱ्याने, स्पष्ट नकार दिलाय). 'टाइम्ड आउट' म्हणजे उत्तरच आलं नाही. एकतर पॅकेट, म्हणजे आपण पाठवलेला निरोप, फायरवॉलने गुपचूप टाकून दिलं, किंवा रस्ता तुटलाय, किंवा मशीनच बंद आहे. पहिल्या बाबतीत सर्व्हरवर जाऊन सर्व्हिस बघायची, दुसऱ्यात नेटवर्क, फायरवॉल, क्लाउडवर असाल तर सिक्युरिटी ग्रुप, म्हणजे तिथले फायरवॉलचे नियम. एका ओळीचा एरर नीट वाचला की निम्मी शोधाशोध वाचते, आणि एरर नीट वाचण्याची सवय ही या नोकरीतली माझ्या मते सर्वांत दुर्मीळ गोष्ट आहे.

सर्व्हरवर पोचलात की 'एसएस -टीएलएनपी' चालवा. कोणती प्रोसेस कोणत्या पोर्टवर ऐकतेय ते दिसतं. इथे एक नेहमीचा सापळा असतो: सर्व्हिस ऐकतेय, पण १२७.०.०.१ या पत्त्यावर, म्हणजे फक्त त्याच मशीनपुरती. मशीनवरून सगळं छान चालतं, बाहेरून काहीच नाही. ब्राउझरमध्ये ५०२ हा एरर येत असेल तर पुढचा वेब सर्व्हर, म्हणजे एनजिनएक्स, शाबूत आहे, त्याच्या मागचं ॲप नीट उत्तर देत नाहीये. ५०४ असेल तर मागचं ॲप वेळेत उत्तर देत नाहीये. मग 'जर्नलसीटीएल -यू' आणि सर्व्हिसचं नाव देऊन लॉग वाचायचे. फक्त शेवटच्या ओळी वाचून समाधान मानू नका. पहिला एरर शोधा, नंतरचे बरेचसे त्याच्याच पोटातून आलेले असतात.

"सर्व्हर स्लो झालाय" याचंही असंच आहे. 'अपटाइम' दिलं की लोड ॲव्हरेजचे, म्हणजे सरासरी किती प्रोसेस कामात किंवा रांगेत आहेत त्याचे, तीन आकडे दिसतात: गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांचे. आकडा ८ आहे, हे वाईट का? सीपीयूचे कोअर (एका वेळी काम करणारे भाग) किती, त्यावर अवलंबून. ४ कोअरवर ८ म्हणजे रांग लागलीय, १६ कोअरवर काहीच नाही. पहिला आकडा मोठा आणि तिसरा लहान असेल तर त्रास आत्ताच सुरू झालाय. उलट असेल तर ओसरतोय. पुढची पायरी अशी: लोड ४० आहे, पण सीपीयू रिकामा बसलाय, हे कसं? लिनक्स लोडमध्ये सीपीयूची वाट पाहणाऱ्यांबरोबर डिस्कसारख्या गोष्टींवर अडकलेल्या, 'डी' अवस्थेतल्या प्रोसेसही मोजतं. नेटवर्कवरची एनएफएस डिस्क लटकली की नेमकं हेच होतं. 'टॉप' कमांडमध्ये 'डब्ल्यूए'चा (डिस्कची वाट पाहण्यात गेलेल्या वेळेचा) आकडा आणि 'डी' अवस्थेतल्या प्रोसेस बघितल्या की बहुतेक वेळा दिशा मिळते.

मेमरीबद्दल 'फ्री -एच' मधला 'फ्री' रकाना बघून घाबरू नका. लिनक्स रिकामी मेमरी डिस्कच्या कॅशसाठी वापरून टाकतं आणि गरज पडली की परत देतं. 'अव्हेलेबल' रकाना बघायचा. मेमरी खरोखरच संपली तर कर्नल एखादी प्रोसेस मारतो, आणि त्याची नोंद कर्नलचे निरोप दाखवणाऱ्या 'डीमेसेज'मध्ये 'आउट ऑफ मेमरी' म्हणून सापडते. "डेटाबेस रोज रात्री आपोआप बंद पडतो" या तक्रारीचं मूळ कितीदा तरी तिथे निघतं.

परवानग्यांचा प्रश्न येणारच. ६४४, ७५५ हे परवानग्यांचे आकडे सगळ्यांना पाठ असतात. पण फोल्डरवरच्या 'एक्स'चा अर्थ विचारला की शांतता पसरते. फोल्डरवर 'आर' म्हणजे आतली नावं वाचता येणं, 'एक्स' म्हणजे त्यातून पुढे जाता येणं. म्हणून फाईलवर सगळ्या परवानग्या असून वरच्या एखाद्या फोल्डरला 'एक्स' नसेल तर फाईल उघडत नाही. 'नेमआय -एल' ही कमांड वरपासून खालपर्यंतच्या प्रत्येक फोल्डरची परवानगी एका खाली एक दाखवते. मुलांना ती क्वचितच माहीत असते, शिकून ठेवा. आणि 'परमिशन डिनाइड' दिसलं की "७७७ देईन" असं म्हणणाऱ्याला मी तरी घेत नाही. ७७७ म्हणजे त्या मशीनवरच्या प्रत्येकाला ती फाईल बदलायची मोकळीक. एसएसएचची (दुरून मशीनवर लॉगिन करायच्या साधनाची) खासगी किल्ली तर इतरांना वाचता येत असेल तर एसएसएच ती वापरायलाच नकार देतं, ६०० हवं, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल असं.

"एसईलिनक्स बंद करेन" हे उत्तरही त्याच माळेतलं. एसईलिनक्स म्हणजे परवानग्यांच्या वरचा सुरक्षेचा आणखी एक थर, तो फाईलवरच्या लेबलवरून कुणाला काय वाचता येईल ते ठरवतो. समजा तुम्ही होम फोल्डरमध्ये एचटीएमएल फाईल बनवली आणि 'एमव्ही'ने वेबसाइटच्या फोल्डरात हलवली. मालक बरोबर, परवानगी ६४४, तरी ब्राउझरमध्ये ४०३, म्हणजे मनाई. कारण 'एमव्ही'ने फाईलचं जुनं एसईलिनक्स लेबल तसंच आणलं, आणि होम फोल्डरचं लेबल असलेली फाईल वेब सर्व्हरने वाचू नये असा नियम आहे. 'सीपी'ने नक्कल केली असती तर नवीन फोल्डरचं लेबल लागलं असतं. 'एलएस -झेड'ने लेबल बघायचं, 'रिस्टोअरकॉन'ने दुरुस्त करायचं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, त्यासाठी अख्ख्या मशीनचं संरक्षण काढून टाकायचं नाही.

काही प्रश्न पटकन निपटतात. हार्ड लिंक म्हणजे त्याच आयनोडला दुसरं नाव, सॉफ्ट लिंक म्हणजे नावाकडे बोट दाखवणारी वेगळी फाईल. मूळ नाव उडवलं तर पहिली चालते, दुसरी लटकते. प्रोसेस थांबवायला 'किल' आधी साधा द्यायचा, म्हणजे १५ नंबरचा सिग्नल जातो आणि प्रोसेसला आवरायला वेळ मिळतो. ९ नंबर अगदी शेवटी. झॉम्बी प्रोसेसला मारता येत नाही, ती आधीच संपलेली असते, तिच्या पालक प्रोसेसने नोंद घेतलेली नसते इतकंच. क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी काम चालवणाऱ्या साधनात) स्क्रिप्ट चालत नाही आणि हाताने चालते, तर आधी पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) बघा, क्रॉनला तुमच्या लॉगिनचं वातावरण मिळत नाही. परवानग्या बदलणाऱ्या 'सीएचमॉड' कमांडचीच एक्झिक्यूट (चालवायची) परवानगी गेली तर काय, असं एक कोडंही विचारतात. पायथनमधून परवानगी बदलता येते, किंवा डायनॅमिक लोडरला (प्रोग्राम मेमरीत चढवणाऱ्या भागाला) ती फाईल थेट चालवायला सांगता येतं. मला हे कोडं फारसं आवडत नाही, प्रत्यक्ष कामात ही वेळ सहसा येत नाही, पण ऐकून ठेवलेलं बरं.

बूट होताना, म्हणजे मशीन सुरू होताना, काय घडतं हे मात्र नीट समजून घ्या. आधी फर्मवेअर (मशीनच्या बोर्डावरचा प्रोग्राम), मग ग्रब (कर्नल चढवणारा प्रोग्राम), मग कर्नल आणि त्याच्याबरोबर इनिटरॅमएफएस (सुरुवातीपुरती छोटी फाईलसिस्टीम), मग १ नंबरची प्रोसेस म्हणून सिस्टीमडी, आणि ती बाकीच्या सर्व्हिस उठवते. हा क्रम पाठ करण्यात अर्थ नाही. तो हवा कशासाठी, तर मशीन कुठे अडकलंय हे कळण्यासाठी. ग्रबचा मेनूच दिसत नाही, ही एक गोष्ट. मेनू दिसतो पण कर्नल रूट डिस्क सापडत नाही म्हणून ओरडतो, ही वेगळी. आणि सगळं होऊन मशीन इमर्जन्सी मोडमध्ये येऊन थांबतं तेव्हा संशयित नंबर एक '/एट्सी/एफस्टॅब', म्हणजे कुठली डिस्क कुठे जोडायची त्याची यादी. त्या फाईलमध्ये बदल केला की रीबूट करण्याआधी 'माउंट -ए' चालवून बघायचं. चूक असेल तर तिथेच कळते, मशीन चालू असताना.

आता न येणाऱ्या प्रश्नांबद्दल. "माहीत नाही" म्हणायला लाजू नका, पण तिथे थांबूही नका. "हे मी केलेलं नाही. अंदाज असा आहे, आणि तो बरोबर की चूक हे मी अमुक लॉगमध्ये बघून ठरवेन", एवढं म्हणता आलं की पुरे. थापा मारणं लगेच कळतं. बायोडेटात कुबरनेटीज (अनेक मशीनवर ॲप चालवणारं साधन) लिहिलंय म्हणून मी विचारते, "पॉड, म्हणजे त्यात चालणारा ॲपचा एक नग, सारखा रीस्टार्ट होतोय, काय बघाल?" आणि समजतं की क्लासमध्ये एका तासात फक्त ऐकलंय. त्यानंतर मला बाकीच्या ओळींवरही भरवसा वाटत नाही. चारच गोष्टी लिहा, पण खोलात विचारलं तरी बोलता येतील अशा.

बॅकअपबद्दल विचारलं तर तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक प्रत दुसऱ्या जागी, हा ३-२-१ नियम सांगाच. पण त्यापुढचं वाक्य जास्त महत्त्वाचं: "आणि मी ठरावीक दिवसांनी त्यातून रिस्टोअर करून बघेन." परत आणता येतो की नाही हे तपासलेलंच नाही, त्या बॅकअपला कुठलाही जाणता ॲडमिन बॅकअप मानत नाही.

भाषेची धास्ती आमच्याकडे फार. घरी मराठी, बाहेर हिंदी, कॉलेजात इंग्रजी पुस्तकं, आणि मुलाखतीत अचानक फाडफाड इंग्रजी बोलायची धडपड. त्या धडपडीत विचारच अडकतो. इंदूरच्या कंपन्यांत तांत्रिक फेरी बऱ्याचदा हिंदी-इंग्रजी मिसळूनच होते. "हिंदीत सांगितलं तर चालेल का?" असं सरळ विचारा. परदेशी ग्राहकांशी बोलायचं पद असेल तर इंग्रजी लागेलच, त्याची तयारी वेगळी करा. पण सराव मात्र मोठ्याने बोलूनच करायचा. मनातल्या मनात सगळ्यांनाच सगळं येत असतं. डीएनएस (नावावरून पत्ता शोधायची व्यवस्था) म्हणजे काय, हे घरी आईला मराठीत समजावून सांगा. ती जिथे "म्हणजे?" असं विचारेल, तिथे तुमचंच समजणं कच्चं आहे असं धरा.

सरावाला महागडा क्लास लागत नाही. ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप, त्यावर व्हर्च्युअलबॉक्स (लॅपटॉपच्या आत आभासी मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), त्यात दोन छोटी मशीन. सेंटओएस ७ या लिनक्सच्या एका जुन्या आवृत्तीवर शिकवणारे जुने व्हिडिओ अजून फिरतात, पण त्याचा आधार ३० जून २०२४ ला संपला. अल्मालिनक्स किंवा रॉकी लिनक्स घ्या, आणि दुसरं मशीन डेबियन किंवा उबंटूचं ठेवा. मग ती मुद्दाम बिघडवा. 'एफॲलोकेट'ने डिस्क भरून टाका. एफस्टॅबमध्ये चुकीची ओळ घालून रीबूट करा. रूटचा पासवर्ड विसरल्यासारखं करून परत मिळवा, आणि एसईलिनक्सचं रिलेबल करायला विसरलात तर नवा पासवर्ड बरोबर असूनही आत शिरता येत नाही, हे एकदा स्वतः अनुभवा. सर्टिफिकेट घ्यायचंच असेल तर रेड हॅट या लिनक्स कंपनीची आरएचसीएसए परीक्षा मला पटते. तिच्यात पर्यायी उत्तरांचे प्रश्न नसतात. प्रत्यक्ष मशीनवर कामं करायची, ३०० पैकी २१० गुण लागतात, आणि केलेलं काम रीबूटनंतरही टिकलं पाहिजे. फी परवडत नसेल तर तिचा अभ्यासक्रम समोर ठेवून घरीच सगळं करा, मुलाखतीत फरक दिसतोच.

शेवटी समोरचा विचारतो, "तुम्हाला काही विचारायचंय?" इथे "नो सर" म्हणून उठू नका. रात्रपाळी किती दिवसांनी येते? एकट्यावर असते की सोबत कुणी अनुभवी असतं? चालू सर्व्हरवर बदल करायचा तर मंजुरी कोण देतं? कामाच्या नोंदी लिहिलेल्या आहेत का? अमेरिकेतल्या ग्राहकांचं काम असेल तर आपली रात्र हाच त्यांचा दिवस, त्यामुळे घरी येण्याच्या वाहनाची सोय आहे का हेही विचारा, मुलींनी तर नक्कीच. बाँडवर सही करा म्हणाले तर कागद घरी आणून शांतपणे वाचा, किती महिन्यांचा आणि सोडल्यास किती रक्कम ते बघा. आणि मूळ गुणपत्रिका कंपनीत जमा करायला सांगितलं तर देऊ नका. पडताळणीसाठी मूळ कागद दाखवायचे, झेरॉक्सवर सही करून द्यायची, आणि मूळ कागद घेऊनच बाहेर पडायचं.